दारामागचा लिफाफा

ठाण्यातील टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घराच्या मुख्य दारामागे, जेथे पूर्वी पावसाळ्यात छत्र्या टांगण्याची खुंटी होती, तेथे गेली तीन वर्षे प्लॅस्टिकचा एक पारदर्शक लिफाफा टांगलेला आहे. आणि तो तेथे आहे ही गोष्ट घरातील प्रत्येक माणसाला, धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना, समोरच्या बिऱ्हाडातील मंडळींना, फार काय, इमारतीच्या रखवालदारालाही ठाऊक आहे. तसाच दुसरा लिफाफा डोंबिवलीला माझ्या लेकीच्या घरी त्याच जागी, म्हणजे दारामागेच आहे, आणि तिसरा नातीच्या बालवाडीतील बाईंच्या कपाटात आहे. लिफाफ्यात एकाच पानाचे एक पत्र असून त्याच्या तीन प्रती आहेत. ते पत्र कोणत्या प्रसंगातून जन्मास आले हे सांगितल्यावाचून या पुस्तिकेचे प्रयोजन वाचकाच्या ध्यानात येणार नाही असे मला वाटते, म्हणूनच वैद्यकशास्त्राचा गंधही नसलेल्या माझ्यासारख्या माणसाने ही प्रस्तावना लिहावी हा पुस्तिकाकर्त्या पालकांचा आग्रह मी मान्य केला.

मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. पस्तीस वर्षे ज्याने दप्तराशी संसार केला, त्याला कागदाचे सामर्थ्य आणि कागदाचे वैयर्थ्य या दोन्ही गोष्टी सारख्याच ओळखीच्या असतात. शंभर पानांची संचिका साहेबांसमोर ठेवली आणि तिच्यावर टिप्पणी नसली, तर त्या शंभर पानांचा उपयोग शून्य, हे आमच्या खात्यात नव्याने लागलेल्या मुलालाही पहिल्या महिन्यात कळते. तेच सत्य माझ्या नातीच्या बाबतीत मला उमगण्यास एक पावसाळी रात्र खर्ची पडली, आणि त्या रात्रीची किंमत त्या पोरीने दिली.

माझ्या नातीला चयापचयाचा एक जन्मजात विकार आहे. मेथिलमॅलोनिक ॲसिडेमिया असे त्याचे नाव असून ते उच्चारता येण्यास आमच्या घरात आठवडा लागला. आपण जे अन्न खातो त्यातील प्रथिनांचे देहात बारीक बारीक घटक होतात, आणि प्रत्येक घटकाचे पुढे रूपांतर करण्यासाठी एकेक विकर, म्हणजे ज्याला डॉक्टर एन्झाइम म्हणतात तो, आपापल्या ठाण्यावर उभा असतो. त्यांतील एका ठाण्यावरचा कामगार जन्मतःच गैरहजर असला म्हणजे मागून येणारा माल तेथे तुंबतो, तुंबलेल्याचे विष बनते, आणि ते विष रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचते. असे विकार एक नव्हेत, शेकडो आहेत. कोणाला प्रथिने चालत नाहीत, कोणाला दुधातील साखर चालत नाही, कोणाचा देह उपाशीपोटी चरबी जाळून शक्ती निर्माण करू शकत नाही, तर कोणाच्या यकृतात साठविलेली साखर गरजेच्या वेळी बाहेरच येत नाही. एकेक विकार पाहू गेल्यास तो हजारोंत किंवा लाखांत एखाद्या बालकास होणारा; पण सर्वांची बेरीज केली म्हणजे ठाणे-कल्याणसारख्या दाट वस्तीच्या मुलखात अशी घरे मोजकीच असतील असे म्हणवत नाही.

हे ज्ञान फार जुने नाही. आर्चिबाल्ड गॅरड या इंग्रज वैद्याने १९०२ साली, मूत्र काळे पडणाऱ्या एका विकाराचा अभ्यास करताना, हा दोष आनुवंशिक असून देहातील रासायनिक क्रियेत जन्मापासूनच तो असतो असे प्रथम ओळखले आणि १९०८ च्या व्याख्यानांत त्याने अशा विकारांची एक वेगळी जातच कल्पिली. परंतु माझ्या मनाला गॅरडपेक्षा नॉर्वेमधील एक माता अधिक जवळची वाटते. तिची दोन्ही मुले मतिमंद होत चालली होती, त्यांच्या अंगाला एक विचित्र वास येत असे, आणि एकामागून एक डॉक्टरांनी तिला परतवून लावले तरी तिने त्या वासाचे कारण विचारणे सोडले नाही. अखेरीस १९३४ साली आस्ब्यॉर्न फॉलिंग या वैद्याने त्या मुलांच्या मूत्राची परीक्षा करून फिनाइलकीटोन्युरिया हा विकार शोधून काढला. पुढे अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताचा थेंब टीपकागदावर घेऊन तो विकार आधीच ओळखण्याची रीत घालून दिली. आपल्याकडे गोव्याने २००८ साली नवजात बालकांच्या अशा विस्तृत चाळणी तपासणीचा उपक्रम हाती घेतला होता. महाराष्ट्रात मात्र आजही बहुसंख्य बालकांच्या टाचेचा तो थेंब टीपकागदापर्यंत पोहोचत नाही, आणि म्हणून विकाराची पहिली ओळख पुष्कळदा पहिल्या संकटातच होते.

कल्याणच्या माहेरवाशीण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे स्मरण येथे मला सहजच होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत गेला, आणि त्या दुःखातून निघालेली ती मुलगी फिलाडेल्फियास जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली. ते बालक कशाने गेले हे आज कोणालाही सांगता यायचे नाही, आणि तसा तर्क करण्याचा मला अधिकारही नाही. परंतु जन्मतः धडधाकट दिसणारे, दोन-तीन दिवस चांगले दूध पिणारे आणि मग एकाएकी दूध सोडून मान टाकणारे मूल आपल्या प्रत्येक घराण्याच्या आठवणींत एखादे तरी असते. कोणी दृष्ट लागली म्हटले, कोणी सटवीचे लिखित म्हटले, आणि अलीकडच्या काळात डॉक्टरांनी जंतुसंसर्ग म्हटले, कारण या विकारांचे पहिले स्वरूप नवजात बालकात जंतुसंसर्गासारखेच हुबेहूब दिसते. त्यांतील काही बालके या विकारांची असणार, याविषयी मला शंका वाटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. ‘आपत्ती’ हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर पूर, भूकंप, आग अशी बाहेरून कोसळणारी संकटे उभी राहतात. या घरांची आपत्ती तशी नसते. दात येताना आलेला ताप, शाळेतून आलेले सर्दी-पडसे, लग्नाच्या जेवणानंतरच्या दोन ओकाऱ्या, लस टोचल्यानंतरची एक अस्वस्थ रात्र, किंवा शस्त्रक्रियेपूर्वी ‘रात्रीपासून काही देऊ नका’ असे सांगणारी एक साधी सूचना, ही तिची रूपे होत. मूल खाईनासे झाले, किंवा खाल्लेले पोटात ठरेनासे झाले, की निरोगी देह आपल्या साठ्यावर एक-दोन दिवस सहज काढतो. आमच्या मुलांचा देह मात्र शक्ती मिळविण्यासाठी स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागतो, आणि त्या स्नायूंतील प्रथिने म्हणजे तेच विष. ताटातील वरण आपण मोजून वाढतो. देहाने आतल्या आत काढलेले हे ताट मोजणारा कोणी नसतो. म्हणूनच या मुलांना नुसते पथ्य पुरत नाही. आजारात त्यांना प्रथिने काही काळ थांबवावी लागतात, पण उपाशी ठेवून चालत नाही. साखरेच्या रूपाने अखंड शक्ती पुरवावी लागते, तोंडाने जात असेल तर तोंडाने, नाहीतर शिरेवाटे. आणि थांबविलेली प्रथिने एक-दोन दिवसांत, डॉक्टरांच्या सल्ल्याने, पुन्हा सुरू करावी लागतात, कारण ती फार काळ बंद राहिली तरी देह पुन्हा स्वतःलाच खाऊ लागतो. हा दुधारी व्यवहार आहे आणि त्याचा हिशेब तासांनी होतो.

आमच्या घरात तो पहिल्यांदा दहाव्या महिन्यात झाला, तेव्हा कोणालाच काही कळले नव्हते. मुंबईत परळच्या रुग्णालयात गेल्यावर लघवीच्या तपासणीतून विकाराचे नाव हाती आले. मी सांगतो आहे ती रात्र त्यानंतर नऊ महिन्यांनी आली. जुलैचा महिना, बाहेर धो धो पाऊस, पोरीला ताप आणि संध्याकाळपासून चार ओकाऱ्या. माझी लेक तिला घेऊन जवळच्या एका रुग्णालयात गेली, आणि बरोबर तिने सगळे कागद नेले होते: तपासण्यांचे अहवाल, आहाराचे तक्ते, औषधांच्या चिठ्ठ्या, मिळून पन्नास-साठ पाने. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी ती पाने चाळली; त्यांनी तो विकार पुस्तकात एखाद्या ओळीपलीकडे पाहिलेला नसावा, आणि यात त्यांचा दोष मी मानीत नाही. त्यांनी ग्लुकोमीटरवर रक्तातील साखर पाहिली, ती ठीक होती. मूल झोपाळू होते, पण इतक्या ओकाऱ्यांनंतर कोणते मूल झोपाळू नसते? म्हणून त्यांनी ओआरएस पाजत राहण्यास सांगितले, रक्त तपासणीस पाठविले, आणि अहवाल आल्यावर बघू म्हणाले. अहवाल येईपर्यंत पहाट झाली. त्या पाच तासांत पोर झोपली नव्हती, ती बुडत होती. पुढे अठरा दिवस ती रुग्णालयात होती, आणि घरी आली तेव्हा तिला येत असलेले अकरा शब्द, ज्यांची यादी आजीने दिनदर्शिकेवर लिहून ठेवली होती, त्यांतला एकही तिच्या तोंडी उरला नव्हता. ‘आबा’ हा शब्द परत येण्यास सात महिने लागले.

त्या रात्री काय चुकले याचा मी नंतर, एखाद्या प्रकरणाची चौकशी करावी तसा, शांतपणे विचार केला. रक्तातील साखर ठीक असणे हा या विकारांत दिलाशाचा पुरावा नव्हे. विष चढत असताना ती पुष्कळदा ठीकच असते, आणि ज्या विकारांत ती उतरते तेथेही ती उतरेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. ओआरएसमध्ये लिटरमागे साखर असते अवघी साडेतेरा ग्रॅम. ती जुलाबात पाणी व क्षार भरून काढण्यासाठी योजिलेली आहे, या मुलांची शक्तीची गरज तीतून भागत नाही, आणि म्हणून त्यांच्यासाठी आजारपणातले साखरेचे पेय वयानुसार किती दाट करावयाचे हे आहारतज्ज्ञाकडून आधीच लिहून घ्यावे लागते. अमोनिया तपासण्यासाठी घेतलेले रक्त बर्फात ठेवून तातडीने प्रयोगशाळेत न्यावे लागते, नाहीतर आकडा खोटा येतो. ही सारी माहिती आमच्या त्या पन्नास पानांत कोठे ना कोठे होतीच. पण ती टिप्पणीविना संचिका होती. मध्यरात्री दोन वाजता, दोन रडती मुले आणि एक अपघाती रुग्ण समोर असताना, ती वाचण्यास जगातील कोणत्या डॉक्टरास सवड झाली असती?

म्हणून आम्ही परळच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो आणि मी त्यांना, थोड्या संकोचानेच, विनंती केली की आपण या मुलीवर एक टिप्पणी लिहून द्यावी. ते हसले नाहीत. त्यांनी तसे पत्र देण्याची पद्धत इतर देशांत कधीचीच रूढ असल्याचे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी ते दिले. पहिल्या ओळीत विकाराचे नाव, दुसऱ्या ओळीत, ‘ही मुलगी बरी दिसत असली तरी थांबू नये’, मग शिरेवाटे दहा टक्के डेक्स्ट्रोज योग्य क्षारांसह ताबडतोब सुरू करावे, तिच्या वजनास ते ताशी किती द्यावे, सुई लावतानाच कोणते रक्त काढून घ्यावे, कार्निटिन किती, कोणती औषधे देऊ नयेत, आणि तळाशी रात्री-अपरात्री फोन करण्याचे दोन क्रमांक, सही, शिक्का, तारीख. शिक्क्याचे महत्त्व मी जाणतो. आईच्या तोंडचे शब्द धास्तीपोटी आलेले वाटतात. शिक्क्याखालच्या शब्दांवर एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टराचा विश्वास ठेवतो.

येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे, आणि तो पुस्तिकेतही ठळक अक्षरांत छापलेला आहे. हे पत्र प्रत्येक बालकाचे स्वतःचे असते. एकाचे दुसऱ्यास चालत नाही. माझ्या नातीला साखर तारते, परंतु ज्या मुलाला फ्रुक्टोज पचत नाही त्याला साधी साखर, मध, फळांचा रस, इतकेच नव्हे तर पुष्कळशी गोड पातळ औषधेसुद्धा घातक ठरतात. पायरुव्हेट डिहायड्रोजनेजच्या दोषात ग्लुकोजच अपायकारक होऊ शकते. युरिया चक्राच्या विकारात फेफऱ्यावर सर्रास वापरले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध अमोनिया वाढविते. ग्लायकोजेन साठण्याच्या एका विकारात मुलांना दर काही तासांनी, मध्यरात्री उठवूनही, कच्चे कॉर्नस्टार्च पाण्यात कालवून पाजावे लागते, आणि त्या आईबापांच्या लेखी गजराचे घड्याळ हेच औषध असते. तेव्हा या पुस्तिकेतील कोणताही आकडा कोणी आपल्या मुलास परस्पर लावू नये. पुस्तिकेने रिकाम्या जागा दिल्या आहेत, त्या भरण्याचा अधिकार तुमच्या मुलाच्या डॉक्टरांचा आहे.

पत्राइतकीच, किंबहुना कित्येकदा त्याहून अधिक, विचाराची गोष्ट म्हणजे आपला मुलूख. परळची मोठी रुग्णालये, म्हणजे १९२६ साली सुरू झालेले केईएम आणि बालकांसाठीचे वाडिया, टेंभी नाक्यापासून रेल्वेने पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहेत, आणि कल्याणपासून पंचेचाळीसच्या आसपास. शहापूर-मुरबाडच्या माणसाला तर कल्याण हाच अर्धा प्रवास. मी नोकरीत होतो तेव्हा ठाणे जिल्हा जव्हार-मोखाड्यापर्यंत पसरलेला होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, पण तिकडच्या पाड्यांवरून आजारी मूल आजही याच दिशेने निघते. २६ जुलै २००५ रोजी लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि माणसे रुळांवरून चालत घरी आली, हे या भागातील कोणीही विसरलेले नाही. उल्हास नदी फुगली की बदलापूर-कल्याणकडची सखल वस्ती पाण्याखाली जाते, आणि २७ जुलै २०१९ रोजी तर महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकून पडली होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीजजाळ्यातील बिघाडामुळे मुंबईसह ठाण्यातलीही वीज गेली. ज्या घरात नाकातल्या नळीवाटे पंपाने अन्न देण्याचे मूल होते, त्या घराला त्या दिवशी घड्याळाचा प्रत्येक काटा दिसला असेल. त्याच वर्षी मार्चअखेर लोकल बंद झाल्या तेव्हा ज्यांच्या मुलांचे प्रथिनविरहित पिठाचे डबे परदेशातून येत असत, त्यांनी उरलेले चमचे मोजले. डबे निदान महिनाभराचे शिल्लक असावेत, ते तळमजल्यावर राहणाऱ्यांनी माळ्यावर ठेवावेत, आणि जवळचे म्हणून जे रुग्णालय ठरविले आहे तेथे सलाईन, अमोनियाची तपासणी आणि बालरोगतज्ज्ञ रात्री खरोखर उपलब्ध असतात की नाही हे निरोगी दिवशी स्वतः जाऊन पाहून यावे, ही तजवीज यातूनच शिकण्यासारखी आहे.

पाहून यावे असे मी म्हणतो त्यास कारण आहे. टेंभी नाक्याजवळचे विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचे जिल्हा रुग्णालय हे आमच्या पिढीला दवाखान्याचा पर्यायशब्दच होते. ‘सिव्हिलला न्या’ म्हटले की रिक्षावाल्याला पुढे काही सांगावे लागत नसे. जुन्या इमारतीच्या जागी नवे रुग्णालय उभारण्याचे काम निघाले, तेव्हा त्याचा कारभार मनोरुग्णालयाच्या आवारात हलविण्यात आला. जे रुग्णालय मी साठ वर्षे डोळे मिटून दाखवीत होतो, त्याच्याच दारी मध्यरात्री गेलो असतो तर बांधकामाचे पत्रे दिसले असते. तयारी ही एकदा करून कपाटात ठेवण्याची चीज नव्हे. दर तीन महिन्यांनी तिची झडती घेतली पाहिजे.

घरातल्या माणसांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पुस्तकी तयारी पुष्कळदा येथेच अडते. आजारी मूल बरे होऊ लागले की त्याला वरणभात, दूध, एखादा पेढा देऊन ताकद आणावी, हे आपल्या स्त्रियांच्या हाडीमाशी खिळलेले प्रेम आहे. माझ्या पत्नीने नातीच्या पहिल्या आजारानंतर मुगाचे कढण मोठ्या मायेने करून ठेवले होते, आणि ते तिला देता येणार नाही हे कळले तेव्हा ती स्वयंपाकघरात बसून रडली. तिला दोष देऊन काय मिळवावयाचे? आम्ही तिच्या हाती वजनकाटा दिला. आता घरात डाळीचा एकेक ग्रॅम तिच्याइतका काटेकोर कोणी मोजीत नाही, आणि बारशाच्या किंवा मुंजीच्या पंगतीत कोणी प्रेमाने पोरीच्या हातावर बर्फी ठेवू लागले, तर आडवा येणारा पहिला हात तिचाच असतो. पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, शाळेतील बाईंना विकाराचे शास्त्र कळण्याची गरज नाही. त्यांना तीन गोष्टी कळल्या म्हणजे पुरे: पोरीने दोन वेळा खाणे नाकारले, ती ओकली, किंवा ती नेहमीसारखी वागेनाशी झाली, म्हणजे विनाकारण चिडचिडी झाली, झोकांड्या देऊ लागली, दुपारी अवेळी झोपली, तर आधी आईला फोन करावयाचा आणि ‘शांत झोपली आहे, झोपू द्या’ असे कदापि म्हणावयाचे नाही.

या माहितीची परीक्षा गेल्या नवरात्रात झाली. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेला टेंभी नाक्याचा नवरात्रोत्सव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या दिवसांतील गर्दीचे वर्णन सांगावयास नको. रस्ते वळविलेले, जागोजाग दोर आणि अडथळे, रात्री उशिरापर्यंत देवीच्या दर्शनाची रांग. लेक दोन दिवसांसाठी नातीला घेऊन आमच्याकडे आली होती. सातव्या माळेच्या रात्री साडेनऊला पोर ओकली, अंग तापले, आणि दाट साखरपाण्याचा दुसरा पेलाही तिने बाहेर काढला. पत्रात लिहिल्याप्रमाणे दुसरा पेला न ठरणे म्हणजे निघणे. एकशे आठला फोन केला, पण गाडी गर्दीतून दारापर्यंत पोहोचण्यास वेळ लागेल हे दिसतच होते. रखवालदाराने लिफाफा खुंटीवरून काढला, समोरच्या बिऱ्हाडातील मुलगा स्कूटर घेऊन मागच्या गल्लीत उभा राहिला, आणि कोपऱ्यावरच्या एका स्वयंसेवकाने, मी ‘मुलीला दवाखान्यात न्यावयाचे आहे’ एवढेच म्हणताच, काहीही न विचारता दोर खाली केला. रुग्णालयाच्या दारात माझ्या लेकीने पाठ केलेले वाक्य म्हटले: “हिला चयापचयाचा जन्मजात विकार आहे, खाणे थांबले की रक्तात विष साठते, हे तिच्या डॉक्टरांचे पत्र, सुई लावतानाच रक्त घ्या, पण सलाईन अहवालासाठी थांबवू नका.” ड्यूटीवरची डॉक्टर मुलगीच होती, पंचविशीतली असेल. तिने पत्र उभ्याउभ्या वाचले, एकदा वर पाहिले, आणि परिचारिकेला हाक मारली. घरातून निघाल्यापासून पंचेचाळिसाव्या मिनिटाला थेंब पडू लागला. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो, आणि पोरीने जिन्यातच रखवालदाराला त्याच्या नावाने हाक मारली.

सरकारच्या कर्तव्याविषयी पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात विशेष आहारावर जगणाऱ्या या विकारांना वेगळा गट दिला आहे, यकृतरोपणाने सुधारणारे विकार निराळे मांडले आहेत, मुंबईत केईएमला उत्कृष्टता केंद्राचा दर्जा दिला आहे, आणि अशा केंद्रात उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी मदतीची मर्यादा पुढे पन्नास लाख रुपयांपर्यंत वाढविली आहे. ज्या पालकांनी त्यासाठी अर्ज केलेला नाही त्यांनी तो विनाविलंब करावा. तथापि, धोरण परळपर्यंत पोहोचले आहे. डोंबिवलीच्या किंवा शहापूरच्या रात्रपाळीच्या टेबलापर्यंत ते पोहोचावयाचे आहे, आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात दहा टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीशेजारी अशा मुलांसाठी एक पानी सूचना चिकटविण्यास फार मोठी रक्कम लागेल असे मला, पस्तीस वर्षे सरकारी खर्चाचे ताळेबंद पाहिल्यावर, वाटत नाही.

पुस्तिकेतील एका प्रकरणापाशी वाचकाने थांबावे अशी माझी हात जोडून विनंती आहे. ते लिहिले आहे कल्याणच्या एका मातेने, जिचे पहिले मूल विकाराचे नाव न कळताच गेले. हे विकार बहुधा आई आणि बाप या दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्याने होतात. असे दोन-चार सदोष जनुक तुम्हीआम्ही सगळेच बाळगून असतो, त्यात कोणाच्या कुळाला बट्टा नाही, आणि सुनेला बोल लावण्यास तर तिळमात्र आधार नाही. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडील चाल मात्र असे दोन जनुक एकत्र येण्याचा संभव वाढविते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. आईबाप दोघांकडेही तो सदोष जनुक असल्यास प्रत्येक गर्भारपणात धोका चारात एक असतो. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब निसर्ग ठेवीत नाही. म्हणून पुढच्या खेपेस डॉक्टरांना आधीच सांगणे, प्रसूती जेथे नवजात बालकाची त्वरित तपासणी होऊ शकते तेथे करणे, ही तयारीच होय. पण त्यासाठी विकाराचे नाव हाती असावे लागते. त्या मातेने लिहिले आहे की मूल वाचत नाही हे दिसत असताना कोणी तिच्याजवळ येऊन टीपकागदावर रक्ताचे चार थेंब आणि थोडी लघवी राखून ठेवू का, असे विचारावयास हवे होते. कोणी विचारले नाही. दुसऱ्या बाळंतपणात तिला तेच दिवस पुन्हा अंधारात काढावे लागले. हा प्रश्न विचारणे किती कठीण असेल याची मला कल्पना आहे. तरी तो विचारला जावा म्हणून तिने स्वतःचे दुःख येथे उघडे केले आहे, आणि त्याबद्दल पुस्तिकाकर्ते व मी तिचे ऋणी आहोत.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर पत्राचा कोरा नमुना छापला आहे. तो तुमच्या डॉक्टरांकडून भरून, सही-शिक्का घेऊन, प्रती काढून ठेवावा. त्यात वजनाची एक चौकट आहे, आणि सलाईनचे व औषधांचे सगळे माप त्या आकड्यावर अवलंबून असते. मूल वाढते, पत्र वाढत नाही, म्हणून ती चौकट तेवढी शिसपेन्सिलीने भरावी आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलाला काट्यावर उभे करून खोडून नव्याने लिहावी. आकडा फार बदलला तर डॉक्टरांकडून मापे पुन्हा ठरवून घ्यावीत. आमच्या लिफाफ्यात काल सकाळी आजीने चौदा किलो तीनशे लिहिले.